‘दूध पुरत नाही’ हे ठरवलं कोणी?

ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. त्यानिमित्त तान्ह्या बाळाच्या पाजण्या-भरवण्याबद्दलचे प्रश्न मागवले होते. प्रश्न वेगवेगळे आले, पण बहुतेकांच्या मुळाशी एकच धास्ती आहे : दूध पुरत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : नात एकवीस दिवसांची आहे. जन्माचं वजन २ किलो ८०० ग्रॅम होतं, पाचव्या दिवशी २ किलो ६०० झालं आणि काल ३ किलो ५० ग्रॅम भरलं. संध्याकाळी पाचपासून रात्री दहापर्यंत किरकिर करते, दर अर्ध्या तासाला अंगावर मागते. सुनेची छातीही आता पहिल्यासारखी भरून येत नाही. शेजारीण म्हणते, पावडरचा डबा आणा. आणू का? (एक आजी, कराड)

उत्तर : आणू नका. हिशेब तुमच्याच पत्रात आहे. जन्मापासून मोजलं तर २१ दिवसांत २५० ग्रॅम, म्हणजे दिवसाला जेमतेम १२ ग्रॅम. हे कमी वाटतं आणि बऱ्याच ठिकाणी इथेच चूक होते. पहिल्या काही दिवसांत प्रत्येक बाळाचं वजन थोडं उतरतं. तुमच्या नातीचं २०० ग्रॅम, म्हणजे सात टक्के उतरलं, ते नेहमीचंच. वाढ मोजायची ती सगळ्यात कमी भरलेल्या वजनापासून. २ किलो ६०० वरून ३ किलो ५० : सोळा दिवसांत ४५० ग्रॅम, दिवसाला २८. पहिल्या तीन महिन्यांत २५ ते ३० ग्रॅम हवेत. तेवढे मिळताहेत.

संध्याकाळचं रडं आणि छाती हलकी लागणं, ही दोन्ही दूध आटल्याची लक्षणं नव्हेत. पहिले दोन-तीन आठवडे मागणी किती आहे याचा अंदाज शरीराला नसतो, म्हणून दूध साचून छाती ठणकते. पुढे जेवढं लागतं तेवढंच तयार होऊ लागतं आणि छाती मऊ पडते. संध्याकाळी बाळं पुनःपुन्हा पितात, थोडा वेळ झोपतात, परत मागतात. त्या वेळात सुनेला स्वयंपाकातून सुटी द्या, दुसरं काही करायला नको.

डबा आणल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या. संध्याकाळी ६० मिली पावडरचं दूध दिलं की बाळ तीन तास झोपतं. घर खूश. पण त्या तीन तासांत छातीतलं दूध तिथेच राहतं, आणि साचलेल्या दुधामुळेच पुढचं दूध बनणं मंदावतं. दुसऱ्या दिवशी खरोखरच थोडं कमी येतं, मग दोनदा बाटली. पंधरा दिवसांत ‘बघा, मी म्हटलंच होतं’ म्हणायची वेळ येते, आणि तोपर्यंत ते खरंही झालेलं असतं.

पुरतंय की नाही हे दोन गोष्टींवरून कळतं : वजन आणि शू. सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा, फिकट रंगाची शू झाली पाहिजे. मोजायचं तर एक दिवस डायपर बाजूला ठेवा, साधे लंगोट वापरा. बाळाला वरून पाणी किंवा ग्राइप वॉटर देत असाल तर ही मोजणी फसवी : शू होईल, पोट भरलेलं नसेल. वजन दर वेळी त्याच काट्यावर, कपडे काढून, काटा शून्यावर आणून. एका काट्यावर झबलं-दुपट्यासकट आणि दुसऱ्यावर उघडं, अशा दोन वजनांत २०० ग्रॅमचा फरक सहज पडतो. त्या फरकापायीसुद्धा डबे घरात आले आहेत.

काळजी कधी करायची? दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत आलं नाही, महिन्याला ५०० ग्रॅमसुद्धा वाढलं नाही, शू सहापेक्षा कमी आणि गडद पिवळी, किंवा बाळ पाजायलाही उठत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना.

ज्यांनी वरचं दूध आधीच सुरू केलंय त्यांनी ते एकदम तोडू नये. दर वेळी आधी दोन्ही बाजूंनी अंगावर, मग उरलेली भूक वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाटली नको. दिवसभराच्या एकूण वरच्या दुधातले साधारण ५० मिली दर दोन-तीन दिवसांनी कमी करत जा, आठवड्यातून दोनदा वजन करा. रात्रीचं पाजणं सोडू नका, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त वाढतं.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. गृहभेटीत माझ्या हातात पंधरा-वीस मिनिटं असतात. आई म्हणते ‘सगळं ठीक आहे’, आणि पुढच्या भेटीत बाळाचं वजन घटलेलं. मी नेमकं काय बघू? (धडगाव, जि. नंदुरबार)

उत्तर : विचारण्याऐवजी बघा. ‘पाजता ना?’ या प्रश्नाला आजवर कुठल्याच आईने ‘नाही’ म्हटलेलं नसेल. बाळ भुकेलं होण्याची चिन्हं दिसली, म्हणजे ओठ हलवणं, मूठ तोंडाकडे नेणं, की पाजायला सांगा आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक पाजणं शांतपणे बघा. रडणं हे भुकेचं उशिराचं चिन्ह. रडून लाल झालेलं बाळ धड पकडत नाही.

आधी बाळ कसं धरलंय ते बघा. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बाळ उताणं मांडीवर आणि मान तेवढी छातीकडे वळलेली. आईला समजवायचं तर तिला स्वतःची मान खांद्याकडे वळवून घोटभर पाणी प्यायला सांगा. दुसरं काही बोलावं लागत नाही. कान, खांदा, कंबर एका रेषेत, पोट आईच्या पोटाला, नाक स्तनाग्रासमोर. आई बाळावर वाकत नाही, बाळ छातीपाशी येतं.

मग पकड. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या ओठाच्या वर जास्त, खाली कमी दिसतो. चारही असतील तर पकड चांगली. गाल आत ओढले जात असतील, ‘चट् चट्’ आवाज येत असेल, तर बाळ नुसतं स्तनाग्र चोखतंय : आईला दुखणार, बाळ उपाशी राहणार. चांगलं पिणारं बाळ सुरुवातीला भराभर ओढतं, पान्हा फुटला की संथ, खोल घोट घेतं, मधे थांबतं, आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. अनेक बायका दोन बोटांची कात्री करून छाती दाबून धरतात, बाळाचं नाक मोकळं राहावं म्हणून. त्याने काळा भागच बाळाच्या तोंडातून बाहेर येतो. चार बोटं खाली, अंगठा वर, आणि बोटं काळ्या भागापासून लांब.

‘एकेका बाजूला दहा मिनिटं’ हा सल्ला देऊ नका. शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असतं. घड्याळ बघून सोडवलेल्या बाळाला ते मिळत नाही. एक बाजू बाळाने स्वतः सोडू दे, मग दुसरी द्या.

तुमच्या सहा भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसाची आणखी एक. यातल्या पाजण्यासाठी सगळ्यात मोलाच्या ३ आणि ७. दूध दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उतरतं, सिझेरियन झालं असेल तर कधीकधी थोडं उशिरा, आणि याच दिवसांत घरातली माणसं घाबरतात. तोवर येणारा पिवळा चीक दर पाजण्याला चमचा-दोन चमचेच असतो आणि पहिल्या दिवशी बाळाला तेवढाच लागतो. गृहभेटींची ही पद्धत उभी राहिली ती आपल्याच गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या कामातून. तिथेही भर घरी जाऊन, आपल्या हाताने बाळ तपासण्यावरच होता.

भेटीत हे दिसलं तर पाजण्याच्या गप्पा बाजूला ठेवून लगेच रेफर : पिणं बंद किंवा अगदी कमी, मलूल, आकडी, शांत असतानाही मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, अंगाचं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त अथवा ३५.५ हून कमी, तळहात-तळपाय पिवळे. वाटेत बाळ आईच्या छातीला उघडं लावून, वरून पांघरूण घालून.

प्रश्न : बाळ दहा दिवसांचं. उजव्या बाजूचं स्तनाग्र आत गेलेलं आहे, बाळ पकडतच नाही. डाव्याला चिरा पडून रक्त येतं. पाजायची वेळ आली की अंगावर काटा येतो. (परभणी)

उत्तर : चिरांवर मलम शोधण्याआधी पकड सुधारा, नाहीतर रोज नवी चीर पडेल. वरच्या उत्तरातल्या चार खुणा आरशासमोर बसून बघा. सोडवताना ओढू नका. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घाला, हवा शिरली की पकड सुटते. पाजून झाल्यावर शेवटचे दुधाचे दोन थेंब स्तनाग्रावर पसरून वाळू द्या. साबण अजिबात नको. बाळाच्या जिभेवर न पुसली जाणारी पांढरी साय असेल आणि पाजून झाल्यावरही आग होत असेल, तर तो बुरशीचा संसर्ग. दोघांना एकदमच औषध लागतं.

आत गेलेल्या स्तनाग्रासाठी दहा रुपयांची युक्ती आहे. नवीन, सुई नसलेली १० मिलीची सिरिंज घ्या. स्तनाग्र मोठं असेल तर २० मिलीची. जिथे सुई बसते ते टोक ब्लेडने सरळ कापून टाका. दट्ट्या बाहेर काढा आणि कापलेल्या बाजूने उलटा आत घाला. आता नळीची कारखान्यातली गुळगुळीत कड मोकळी राहिली. ती छातीवर टेकवायची, कापलेली कधीच नाही. दट्ट्या हळूहळू मागे ओढा, स्तनाग्र नळीत येईल. अर्धा ते एक मिनिट धरा. दुखायला लागलं तर ओढ कमी करा. काढताना दट्ट्या आधी आत ढकला, मग नळी उचला. तशीच उपटली तर जखम होते. दर पाजण्याआधी हे करून लगेच बाळाला लावा. ओढणं आईच्याच हातात राहू दे, दुसऱ्याच्या नको. आणि लक्षात ठेवा, बाळ काळ्या भागावर पितं. स्तनाग्र पूर्ण बाहेर आलंच पाहिजे असं नाही.

तोवर उजव्या बाजूचं दूध दर तीन तासांनी पिळून वाटीने पाजा. एखाद्या जागी लाल, गरम, दुखरा गड्डा आणि ताप आला तरी पाजणं थांबवू नका, थांबवलं तर दूध साकळून गळू होतं. एका दिवसात ताप उतरला नाही तर डॉक्टर.

प्रश्न : आमच्याकडे पाचव्या दिवसापासून गुटी देतात. आरोग्यसेविका बंद करा म्हणते. आमची चार मुलं गुटीवरच वाढली. आणि मे महिन्यात निदान चमचाभर पाणी तरी? (भुसावळ)

उत्तर : चार मुलं आईच्या दुधावर वाढली, गुटी सोबत होती. वेखंड, जायफळ, हळकुंड, अतिविष, मुरडशेंग सहाणेवर उगाळताना दोन वेढे जास्त झाले तर मात्रा किती झाली हे कोणालाच सांगता येत नाही. जायफळाने बाळ गुंगतं, आणि गुंगलेलं बाळ पाजण्याची वेळ झोपेत घालवतं. सहाण काल धुतली होती का, पाणी कुठलं, हा वेगळाच प्रश्न. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवूही नये; त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. सोन्याची अंगठी हवी तर नुसतीच दाखवा.

पाणी नकोच. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच आहे. भुसावळच्या उन्हात बाळ जास्त वेळा, थोडं-थोडं पिईल; पाणी लागतं ते आईला. दर पाजण्याला तिच्या हाताशी तांब्या ठेवा. बाळाला वरून द्यायचा असेल तर ‘ड’ जीवनसत्त्वाचा थेंब, दिवसाला ४०० युनिट, डॉक्टरांनी लिहून दिलेला.

प्रश्न : घरी सोडताना रुग्णालयाने कागदावर एका कंपनीच्या पावडरचं नाव लिहून दिलं, सोबत छोटा डबा फुकट. हे चालतं का? (ठाणे)

उत्तर : चालत नाही. १९९२चा कायदा आहे आणि २००३मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचं पावडरचं दूध, दुधाच्या बाटल्या आणि डबाबंद बाळअन्न यांची जाहिरात, फुकट नमुने, आईशी कंपनीने थेट संपर्क, आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटी, सगळ्याला बंदी आहे. शिक्षेत तुरुंगवासाचीही तरतूद आहे. कागदाचा आणि डब्याचा फोटो काढून जिल्हा शल्यचिकित्सक किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

मोजक्या बाळांना पावडर खरंच लागते : आई नाही, आईवर कर्करोगाची औषधं चालू आहेत, बाळाला गॅलॅक्टोसीमियासारखा (दुधातली साखर शरीराला न पेलणारा) विकार आहे. (क्षयरोग, कावीळ बी, मधुमेह ही पाजणं बंद करण्याची कारणं नाहीत, एचआयव्हीतही आईची औषधं नीट चालू ठेवून सहा महिने निव्वळ अंगावरच पाजतात.) मग पाणी खळखळून उकळा, ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घाला, बाळाला कोमट करून द्या. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. बहुतेक डब्यांत ३० मिलीला एक सपाट मापटं, शीग नाही. महिन्याच्या शेवटी डबा पुरवायला पाणी वाढवणं हे कुपोषणाचं सरळ कारण आहे.

प्रश्न : बँकेत नोकरी. २६ आठवड्यांची रजा पुढच्या महिन्यात संपते. पंप घ्यावा का? दूध टिकतं किती? (सोलापूर)

उत्तर : परवडत असेल तर घ्या, पण हात पुरेसा आहे. हात धुवा, छातीला दोन मिनिटं कोमट फडकं, हलकी मालिश. अंगठा काळ्या भागाच्या वरच्या कडेला, तर्जनी समोरच्या खालच्या कडेला. आधी बरगड्यांकडे मागे दाबा, मग दोन्ही बोटं एकमेकांकडे दाबा, सोडा. बोटं कातडीवर घासायची नाहीत. पहिलं मिनिटभर काही येत नाही, तिथेच बहुतेक जणी सोडून देतात. मग थेंब, मग धार. तीन ते पाच मिनिटांनी बाजू बदला, पुन्हा परत या. एकूण वीस ते तीस मिनिटं. सराव रजेवर असतानाच, दोन आठवडे आधी सुरू करा.

झाकणाच्या, उकळून घेतलेल्या स्टीलच्या डब्यात घरातल्या तापमानाला चार तास. सोलापुरात उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नका, बर्फ घातलेल्या थर्मासच्या पेटीत ठेवा. फ्रीजमध्ये आतल्या कप्प्यात (दारात नाही) चोवीस तास. जास्तही टिकतं, पण वीज जाते आणि दार दिवसभर उघडतं. वर साय धरली तर नासलं नाही, डबा हलकेच फिरवा. गरम करताना गॅस नको, मायक्रोवेव्ह नको. गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवा. बाळाने उष्टं केलेलं परत ठेवायचं नाही.

कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुटी मिळते, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक आहे. लेखी मागा. फडावरच्या ऊसतोड बाईला यातलं काहीच मिळत नाही, हेही इथे नोंदवायला हवं. तिच्याकडे उरतो तो हात आणि झाकणाचा डबा.

प्रश्न : मुलीला सहावा लागला. गुरुजी म्हणतात, मुलीचं उष्टावण पाचव्या नाहीतर सातव्या. आत्ता करावं का? वरणाचं पाणी चालेल? (कुडाळ)

उत्तर : ‘सहावा लागला’ म्हणजे पाच पूर्ण झाले. अन्न सुरू करायचं सहा पूर्ण झाल्यावर, १८० दिवसांनी. म्हणजेच सातवा लागल्यावर. तुमच्या गुरुजींच्या विषम महिन्यातच बसतंय. मुलग्याचं उष्टावण सम महिन्यात करतात, त्या घरांनी मात्र सहाव्या महिन्याची घाई करू नये. मुलींच्या घरांनी सातवा संपेपर्यंत थांबूही नये.

वरणाच्या पाण्यात पाणीच असतं. मऊ भात, घट्ट वरण, वर चमचाभर तूप, बोटांनी कुसकरून. कसोटी सोपी : चमचा तिरका केला तरी घास लगेच ओघळू नये. सुरुवातीला दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोन-तीनदा. आठव्या महिन्याच्या अखेरीस २५० मिलीची अर्धी वाटी. नऊनंतर तीन-चार वेळा. वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी आणि मधे एक-दोन वेळा फळ किंवा उकडलेलं काही. नाचणी, अंडं, मासे (काटे काढून, कुडाळात कोणी सांगायला नको), लाल भोपळा, पालेभाजी. पहिल्या वर्षात मीठ-साखर नाही. चहात बुडवलेलं बिस्किट नाही. सहा महिन्यांनी बाळाच्या अंगातला लोहाचा साठा सरतो, म्हणून आशाकडून मिळणारं लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा १ मिली द्या. अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं, अंगावर पाजते, पाळी आलेली नाही. दिवस राहू शकतात का? (वणी)

उत्तर : तीन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतील तर शक्यता दोन टक्क्यांहून कमी : बाळ सहा महिन्यांच्या आत, पाळी नाही, आणि बाळ दिवसा-रात्री फक्त अंगावरच पितं. एकही मोडली, म्हणजे वरचं दूध सुरू झालं, पाळी दिसली किंवा सहा महिने संपले, की त्याच दिवसापासून दुसरं साधन हवं. निरोध, ‘छाया’ गोळी, ‘अंतरा’ इंजेक्शन, तांबी यातलं काहीही पाजणाऱ्या आईला चालतं. ‘माला-एन’ गोळी मात्र बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत नको, त्यातल्या इस्ट्रोजेनने दूध कमी होऊ शकतं. सगळं उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. बाळाच्या लशीला जाल तेव्हाच विचारा.